फर सीलची हाक

त्या वर्षांत आमचं घर तीन गावांत वाटलेलं होतं. नवरा जामनेरला नोकरीला, मी धुळ्याच्या शाळेत शास्त्र शिकवायला, आणि अडीच वर्षांची लेक पिंपळनेरला माझ्या आईकडे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी पिंपळनेरची एसटी धरायची, रविवारी संध्याकाळी परत.

लेक मला अक्का म्हणायची. आमच्याकडची ही जुनीच रीत. घरातली मोठी माणसं ज्याला जे म्हणतात, तेच मूल उचलतं. माझे भाऊ मला अक्का म्हणत, म्हणून मी अक्का. ते आईला आई म्हणत, म्हणून तिची आजी झाली आई. मला ते फार लागायचं. त्यात माझा स्वभाव तापट. गोडीशेवेची पुडी मुठीत धरून मी तिला दरडावायची, आधी आई म्हण. ती मुकाट्याने आजीच्या पदराआड जायची. मग आम्ही दोघी रुसून बसायचो, आणि त्यातली एकच अडीच वर्षांची होती.

त्याच सुमारास आठवीला सस्तन प्राणी शिकवताना मी फळ्यावर फर सील काढला. समुद्र वर्गातल्या कुणी पाहिला नव्हता, मीही नाही. पुस्तकातलं सांगत गेले. साध्या सीलचे कान बाहेरून दिसत नाहीत, याचे इवलेसे दिसतात. साधा सील जमिनीवर पोटाने सरपटतो, हा मागचे वल्ह्यासारखे पाय पुढे वळवून चालतो. अंगावरच्या दाट लवेमुळे गार पाण्यात निभावतो, आणि त्याच लवेपायी माणसाने त्याची कत्तल केली. एक जात उत्तर पॅसिफिकमध्ये, बाकीच्या बहुतेक दक्षिण गोलार्धात. जुन्या लोकांनी त्याला समुद्री अस्वल म्हटलं. अस्वल नाही तर तसं का म्हणायचं, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, त्यांना जे ओळखीचं होतं ते नाव त्यांनी दिलं, त्यात सीलचं काय बिघडलं?

मादी पिल्लाला किनाऱ्यावर ठेवून कित्येक दिवस अन्नासाठी समुद्रात जाते, हे ऐकून पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

'बाई, मंग पिल्लू मायले वळखस का?'

परत आल्यावर ती हाका मारते, मी म्हणाले. शेकडो पिल्लांतलं तिचं पिल्लू तो आवाज ओळखून ओरडतं. मग ती त्याला हुंगून खात्री करून घेते. सांगता सांगता मी उगाच फळ्याकडे वळून सीलच्या मिशा पुन्हा काढल्या.

त्या शनिवारी मी घरात गेले नाही. गल्लीत दहा-बारा पोरं धुळीत खेळत होती. त्यांना दिसणार नाही अशी कोपऱ्यावरच्या भिंतीआड उभी राहिले आणि हाक मारली, 'चिमणेऽऽ'. नाही आली तर काय, हा विचार मी मुद्दाम केला नव्हता.

गलका क्षणभर थांबला. मग तिचा आवाज आला.

'मनी अक्का उनी!'

माझी अक्का आली, असं गल्लीभर सांगत ती धावत येऊन माझ्या गुडघ्यांना बिलगली. मी खाली बसले, पुडी तिच्या हातात दिली आणि तिचं डोकं हुंगलं. खोबरेल तेलाचा आणि मातीचा वास. आई म्हण, असं मी तिला पुन्हा कधी म्हटलं नाही.