अडीच हातांचा खड्डा

खड्ड्याचे गणित बरोबर होते, हे मी आधीच सांगून ठेवतो.

त्या वर्षी आमच्या गावच्या मंडईला वैनगंगेपलीकडची एक लहानशी नाटक कंपनी आली होती. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. गावोगावचे पाहुणे येतात आणि त्या निमित्ताने सोयरिकीही जुळतात. कंपनीत माणसे अकरा आणि खेळ दोन, तेही लागोपाठ. दोन्ही संगीत प्रहसने. पहिल्यात एक कंजूष म्हातारा बाशिंग बांधतो, दुसऱ्यात एक खोटा वैद्य गावाला औषध पाजतो. (म्हातारा आणि वैद्य एकच नट करायचा.) विजेचा भरवसा नसल्याने खेळ दुपारी तीनला होता.

नाट्यगृह मात्र गावाने खणून द्यायचे. आमच्याकडची पद्धतच तशी. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या तुकड्यात, उतरता खड्डा करायचा, निघालेल्या मातीचा मंच रचायचा आणि खड्ड्यात तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरून लोकांनी बसायचे. बांधी माझी होती. मॅनेजर म्हणाला, दीड हात खोल पुरे. मी डायरी काढली. दीड हातात चारशे माणसे मावत होती, अडीच हातात साडेपाचशे. अडीच हात खणला. मॅनेजरने माझ्याकडे आदराने पाहिले, आणि मला ते आवडले.

त्याच दिवशी सकाळी आंधळगावचे पाहुणे माझ्या धाकट्या बहिणीला, शकुनला, पाहून गेले होते. मुलाचे वडील गोविंदाजी. निकाल नाटकानंतर सांगतो म्हणाले. शकुनला मुलगा आवडला होता, हे तिने तीनदा नळाजवळ गाणे म्हटल्यावरून घरातल्या सगळ्यांना कळले होते. आधीचे स्थळ माझ्यामुळे गेले होते. त्या मुलाच्या वडिलांना मी म्हटले होते की तुम्ही सांगता ती जमीन सातबाऱ्यापेक्षा अर्धा एकर जास्त आहे. (जास्त होतीच.) म्हणून या वेळी बायकोने मला दारातच थांबवले.

“आज तुमी काई बोलू नका. बोलले का स्थळ गेलं समजा.”

मी मान हलवली. तेवढेही जास्त झाले, असे तिच्या चेहऱ्यावर दिसले.

पाहुण्यांना मी सर्वांत मानाची जागा दिली, खड्ड्याच्या तळाशी पहिली रांग. गोविंदाजींच्या अंगावर कोरे पांढरे धोतर आणि मांडीवर दोन वर्षांचा नातू. शेजारी मी, माझ्या मांडीवर माझी तीन वर्षांची मंजू. पुढे तबलजी आणि ऑर्गनवाला.

दुसरे पद सुरू झाले आणि मला बुडाखाली गार लागले. मी मंजूकडे पाहिले. ती निष्पाप चेहऱ्याने नाटक पाहत होती. मी जरा सरकलो. पलीकडे गोविंदाजीही जरा सरकले आणि त्यांनी नातवाकडे खाली वाकून पाहिले. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून हळूच खाली सारला. आमची नजरानजर झाली. दोघेही हसलो आणि पुन्हा म्हाताऱ्याचे लग्न पाहू लागलो. होणाऱ्या इवायासमोर (व्याह्यांना आम्ही इवाई म्हणतो) लेकराचा पराक्रम कोण सांगणार?

त्या रांगेत आम्ही आठजण होतो आणि मांड्यांवर सहा लेकरे. एकेकाने खाली वाकून आपापले लेकरू तपासल्याचे मी पाहिले. टोकाच्या माणसाने तर आपल्या पोराला एक धपाटा घातला. तो बिचारा झोपलेला होता.

तणस पाणी पीत होते, त्यामुळे वरून काही दिसत नव्हते. पण डग्ग्याला ओल लागली. त्याचा आवाज उतरला तसा म्हाताराही खाली खाली गाऊ लागला, आणि बाशिंग बांधतानाचे आनंदाचे पद तेराव्याला म्हटल्यासारखे ऐकू आले. लोक पोट धरून हसले. पहिल्या रांगेतले आम्ही बेताने हसलो, कारण हसले की अंग हलायचे आणि खाली आवाज व्हायचा.

मग ऑर्गनवाल्याची चप्पल आली. तरंगत. गोविंदाजींनी ती पाहिली, दोन बोटांनी हलकेच परत ढकलली आणि माझ्या कानाशी वाकले.

“इवाई, हे एवढं एका लेकराचं नसन.”

पहिला खेळ संपेपर्यंत पाणी घोट्याला आले. साडेपाचशे माणसे धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, चढली. पाटाच्या पाण्यावर जो माणूस असतो, त्याला सगळे शिव्या देऊ लागले. त्याला धरून आणा, असेही कोणी म्हणाले.

मला मात्र कळून चुकले होते. वरच्या बांधीत माझा भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान अजून उभा होता, आणि त्या दिवशी पाण्याची पाळी माझी होती, दोन ते सहा. वरचे पाणी झिरपून खालच्या खड्ड्यातच येणार. पाळी मी आयुष्यात चुकवलेली नाही. बरोबर दोन वाजता स्वतः फावड्याने पाणी सोडून, पाय धुऊन मी पाहुण्यांना आणायला गेलो होतो. डायरीत खड्डा एका पानावर होता आणि पाळी त्याच्या पाठच्या पानावर. दोन्ही हिशेब बरोबर. पान उलटायचे राहिले.

बायकांच्या बाजूला माझी बायको ओठांवर बोट ठेवून उभी होती. तिच्यामागे शकुन. पण माझ्या पाण्यासाठी दुसरा माणूस मार खाणार होता.

“पानी मी सोडलं जी,” मी म्हटले.

गोविंदाजी धोतर पिळत होते. ते थांबले.

“काहून?”

“माही पाळी होती.”

“खड्डा कोनं काढला?”

“मीच.”

शकुनने तोंडाला पदर लावला. रडत होती की हसत होती, मला लांबून कळले नाही. गोविंदाजींनी धोतराचा उरलेला अर्धा भाग शांतपणे पिळून घेतला.

“मी कवाच बोललो असतो,” ते म्हणाले, “पन घरून सांगून धाडलं का तिकडं तोंड उघडू नका, तुमी बोलले का सोयरीक मोडते.” मग मुलाकडे वळून म्हणाले, “पोरगी करून घेऊ बापा. लबाडी तं नाही या घरात. पानी हाय थोडं.”

वैद्याचा खेळ आम्ही सर्वांनी धुऱ्यावर उभे राहून पाहिला. खाली वैद्याची बाटली तरंगत होती.

शकुनचा संसार चांगला चालला आहे. मी आंधळगावला गेलो की गोविंदाजी अजूनही मला सर्वांत मानाच्या बाजेवर बसवतात. फक्त त्याआधी बाजेच्या पायांखाली विटा लावून घेतात. (प्रत्येक पायाखाली दोन, एकूण आठ. मी मोजल्या आहेत.)