एक जूनची पोरं

आमच्या लॅबच्या सरांइतका चूक सापडल्यावर खूश होणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात झाला नसेल. चूक आमची असली तर ते नुसते हसत; सॉफ्टवेअरची निघाली तर शिपायाला सगळ्यांसाठी चहा आणायला धाडत. नव्वदीची अखेर होती. कॉलेजात चार कॉम्प्युटर, त्यातले दोन चालू, तेही लाइट असली तर. सरांनी कुठूनतरी सीडीवर एक फुकटचं डेटाबेस सॉफ्टवेअर आणलं होतं. जगभरची माणसं मिळून ते बनवत, आतला कोड कुणीही वाचावा, दुरुस्त करावा. दुरुस्ती करणाऱ्यांच्या नावांची यादी सरांनी भिंतीला डकवली होती आणि हजेरीआधी रोज ती वाचून दाखवत. "एवढ्या मुलखातली नावं हायेत, बीडचं एक न्हाई," म्हणत आणि आमच्याकडे असं बघत, जणू ते आम्हीच खोडलं होतं. सहलीला कपिलधारला गेलो तर आम्ही धबधब्याखाली आणि सर दगडावर बसून कोड वाचतायत. फ्लॉपी ते जेवणाच्या डब्यात ठेवायचे. आमच्या सगळ्या प्रोग्रॅमना लसणाच्या चटणीचा वास यायचा.

मी वडवणीच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, इंग्रजीला भिणारा. वडिलांनी बजावलं होतं, दिवाळीनंतर शिक्षण बंद, दुकानात बसायचं. रडवेला होऊन सरांना सांगितलं. ते म्हणाले, "जा की. पण त्या यादीत नाव आल्यावर जा."

त्याच आठवड्यात आम्ही कॉलेजचं रजिस्टर त्या सॉफ्टवेअरमध्ये भरलं. जन्मतारखेप्रमाणे यादी मागितली की दरवेळी एक नाव गायब. माझंच! कारण सापडायला दोन दिवस गेले. आमच्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून लिहितात. निम्मं कॉलेज एकाच दिवशी जन्मलेलं. इतक्या सारख्या तारखा बघून प्रोग्रॅम अडखळे आणि शेवटचा माणूस गिळून टाके. सरांनी टेबलावर थाप मारली. "त्या गोऱ्यांच्या ध्यानात हे कधी यावं? त्यांच्या आया येगयेगळ्या दिवशी बाळंत होतात."

पंधरा दिवस बसून मी ती एक ओळ दुरुस्त केली. सोबत पत्र हवं होतं. मला इंग्रजीत रजेचा अर्ज तेवढा येत होता, म्हणून तसाच लिहिला: सविनय विनंती, आपला आज्ञाधारक, आणि खाली 'मार्फत' म्हणून सरांचं नाव. सरांनी सगळं तसंच ठेवलं, फक्त स्वतःच्या नावावर लाल रेघ मारली. "काम तू केलं, माझं नाव कामून रं?" मग फ्लॉपी डब्यात घालून एसटीनं औरंगाबादला गेले. इंटरनेट तिकडे त्यांच्या मित्राकडे होतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दुरुस्ती घेतली होती, आणि विचारलं होतं, तुमच्याकडे खरंच सगळे एकाच दिवशी जन्मतात का? सरांनी दोनदा चहा मागवला. नव्या यादीत माझं नाव होतं. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. मी दाखवलेल्या ओळीवर बोट ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. दुकानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे तो कॉम्प्युटरचा वर्ग बंद पडला, सर पाटोद्याच्या कॉलेजात गेले, मी नोकरीसाठी पुण्याला. भेटायला जाईन जाईन म्हणत गेलोच नाही, त्याची लई लाज वाटते. त्याच सॉफ्टवेअरसाठी लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या आता मी तपासतो. परवा पाटोद्याच्या एका मुलीची आली. दुरुस्ती एका ओळीची, अर्ज बारा ओळींचा: सविनय विनंती, आपली आज्ञाधारक. खाली 'मार्फत' असं लिहिलेलं, पुढची जागा कोरी. त्या कोऱ्या जागेत मला सरांची ती जुनी लाल रेघ दिसली. मी तिला उलट लिहिलं, "दुरुस्ती घेतली. सरांना विचार, चहा मागवला का."