नंदा दारातूनच परत गेली

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. ह्यांच्याजवळ नाही, मुलीजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — मलाच नीट ठाऊक नाही.

नंदा माझी वर्तकनगरची मैत्रीण. शेजारशेजारच्या खोल्या, एकच शाळा. मी भित्री, आणि ती — बाप रे! माझी वेणी ओढली म्हणून एका मुलाला तिने नळापाशी असा धुतला की त्याची आई घरी भांडायला आली. माझ्या लग्नात माझ्याआधी हीच रडून मोकळी. पुढे मी डोंबिवलीला आले, ती कळव्याला. तरी माझ्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती दुपारपासूनच हजर. वाणाला काय लुटायचं तेही तीच ठरवायची. मला कुठे तेवढी अक्कल?

मग तिचे मिस्टर गेले. अचानक. आणि त्याच थंडीत आमच्या ह्यांच्या हृदयाचं निघालं. संक्रांत झाली की ऑपरेशन.

सगळ्यांना मी काय सांगत आले, माहितीये? की मी नंदाला बोलावणारच होते हो, पण सासूबाई! जुन्या वळणाच्या. नवरा गेलेली बाई हळदीकुंकवाला त्यांना चालायची नाही. लोक माना डोलावतात. सासूवर खापर फोडलं की पुढे कोण विचारतंय?

खरं म्हणजे — सासूबाईच मागे लागल्या होत्या. नंदाला बोलाव, एकटी पडलीये पोर. मीच बोलावलं नाही. मला भीती वाटली. नंदाची! तिचं झालं ते माझंही होईल, तिचा पाय घरात नको, असं वाटलं. शी! लिहितानाही लाज वाटते. फोनवर तिला म्हटलं, यंदा करतच नाहीये, सासूबाईंना बरं नाही.

आणि ती आली. सासूबाईंना बरं नाही म्हणून गुळाच्या पोळ्या घेऊन आली. दाराबाहेर चपलांचा हा ढीग, आत बायकांचा गलका, आणि ती समोर डबा धरून उभी. आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण गं? नंदा का? अगं, मग आत घे ना तिला!"

मी दार मागे ओढून घेतलं. म्हटलं, "कुणी नाही, वॉचमन आहे."

नंदाने डबा माझ्या हातात दिला. ती जिना उतरेपर्यंत मी उभी राहिले, आणि आत जाऊन बायकांना तिळगूळ वाटला. वाटला हो!

दुसऱ्या दिवशी फोन केला. काय बोलले असेन? तेच — सासूबाईंना चालत नाही गं, माझा नाइलाज झाला. त्यांचं बोलणं तिने दारात स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. मला ते माहीत होतं. तरी बोलले. ती म्हणाली, "असू दे गं. भाऊजींना जप."

ती आमच्याकडे पुन्हा आली नाही. लग्नाकार्यात भेटली की नेहमीसारखी हसायची. एकदा ओरड ना माझ्यावर, असं व्हायचं मला. नाही ओरडली. सासूबाई गेल्या. ह्यांचं ऑपरेशन छान झालं, अजून ठणठणीत आहेत. आणि मागल्या वर्षी नंदा गेली.

तेराव्याला तिच्या मुलीने मला बाजूला घेतलं. मावशी, आई तुमच्याकडे यायची का बंद झाली?

मी म्हटलं — आमच्या सासूबाईंमुळे.