सगळेच देवमासे

कौसल्याबाई मुलांना शिकवताना मुद्दाम चुकत. निदान आम्ही तसे समजत होतो. आमच्या पुढच्या खोलीत त्यांची बालवाडी भरे. मी रात्रशाळेत शिकवत असल्याने सकाळी घरीच असे आणि मधल्या दाराआडून वर्ग ऐकत बसे. सतरंजीवर झेरॉक्स केलेली चित्रे पसरलेली असत: देवमासा, कासव, खेकडा, ऑक्टोपस. बाई कासवावर बोट ठेवून गंभीरपणे म्हणत, "हा देवमासा. रंगवा." लगेच गलका होई, "नाय बाई, कासव हाय ते." मग बाई कपाळाला हात लावीत. "व्हय का? बरं झालं सांगितलं. मी त्याला शेपटाकडूनच रंगवाया घेतलं असतं."

बाई गंगापूरकडच्या. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. मुले वाळूजच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आईबापांची. त्यांच्या लेखी सर्वांत मोठे पाणी म्हणजे जायकवाडीचे धरण. एकाने विचारले, "देवमासा जायकवाडीत मावंल का?" बाईंनी जरा विचार केला. "मावंल की. पण शेपूट गंगापुरात येईल, आमच्या उसातून फिरंल."

देवमाशाच्या कागदाला पाय लागला की काही मुले चटकन नमस्कार करीत. शिंप्याच्या आयेशाला त्याचा पेच पडला. "बाई, ये हमारा भी देव है क्या?"

"नावातच देव हाय गं त्याच्या. खातं अन् झोपतं, तुझ्या मामावानी."

ही आयेशा बाईंची चूक सर्वांत आधी पकडी. कंबरेवर हात ठेवून म्हणे, "बाई, तुमको कितने बार बताना?" बाईंचा चेहरा तेव्हा उजळे. हळूहळू कासव, खेकडा, ऑक्टोपस, सगळेच देवमासे होऊ लागले. चूक सुधारताना मूल शिकते, ही काय सुंदर पद्धत, असे मी चारचौघांत कौतुकाने सांगत असे. बाई खाली मान घालून ऐकत.

एके सकाळी त्यांनी माझ्या पत्नीकडे पाणी मागितले आणि तांब्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो… तो देवमासा द्या." पत्नी हसली. बाई हसल्या नाहीत.

त्यांच्या मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेले. विस्मरणाचा आजार होता; शब्द एकेक करून जाणार होते. मला फार वाईट वाटले, आणि त्या वाईट वाटण्याच्या भरात मी दुसऱ्या दिवशी बाई येण्याआधी मुलांना जवळ बसवून सांगितले, "बाईंना बरं नाही. त्या म्हणतील ते बरोबर म्हणायचं. चूक दाखवायची नाही."

बाईंनी खेकड्यावर बोट ठेवले. "हा देवमासा."

मुलांनी माना खाली घातल्या. मग आयेशा म्हणाली, "हां बाई. देवमासाच है."

बाईंनी एकेका मुलाकडे पाहिले आणि हातातला खडू खाली ठेवला. वर्ग सुटल्यावर त्या माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"पोरांना तुम्ही सांगितलं का, सर?"

मी हो म्हटले.

"घरी सून बी असंच करती. म्हणंल त्याला व्हय म्हणती. लई गुणाची हाय." हाताला लागलेला खडू पदराला पुसत त्या म्हणाल्या, "इथं पोरं टोकायची. त्यांनी दिलेला शब्द मी घरी जाईस्तोवर तोंडात घोळवत जायची. दुपारपर्यंत टिकायचा."

दुसऱ्या दिवशी मी मुलांना उलटे सांगितले. बाईंनी पुन्हा खेकड्यावर बोट ठेवले. आयेशाने आधी मधल्या दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "खेकडा."

बाई तिच्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होत्या. "आता हे बी तुम्हीच सांगितलेलं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्या आठवड्यानंतर त्या आल्या नाहीत.

पावसाळा सरता सरता बाई गंगापूरला, गावच्या घरी वारल्या. मी भेटायला गेलो, तेव्हा मुलगा म्हणाला की शेवटी शेवटी आई काहीच बोलत नसे. मग मी विचारले, "त्यांना कुणी टोकत होतं का?"

"छे," तो म्हणाला, "आईला त्रास नको म्हणून आम्ही सगळ्याला व्हय म्हणायचो."