उलट्या हाताचा माणूस

कुठल्याही लोखंडी वस्तूला ते आधी उलटा हात लावायचे. कूलर असो, फ्रिज असो, दुकानाचं शटर असो की पाण्याच्या मोटारीचा पाइप. तळहात आत वळवायचा, बोटांची मागची बाजू वस्तूला हलकेच टेकवायची आणि मगच सुलट्या हाताने धरायचं. वस्तूत करंट उतरला असेल तर सुलटा हात तिला आवळून बसतो, सुटता सुटत नाही. उलटा हात झटका बसला की आपोआप मागे येतो, असं त्यांचं सांगणं.

नवेगाव बांधच्या बाजाररस्त्यावर त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान आणि माझं औषधाचं, मधे एकच भिंत. ही सवय त्यांच्या इतकी अंगात मुरली होती, की माझ्याकडे कोणी तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन आलं तर त्याच्या कपाळालाही ते उलटाच हात लावत. "लेकरातही करंट आहे का?" म्हणून मी चिडवायचो.

"ताप उलट्या हाताले लवकर समजते, भाऊ," ते शांतपणे म्हणत. मी औषधवाला, आणि ताप कसा पाहायचा ते मला इलेक्ट्रिकवाला शिकवणार. मला राग यायचा, पण त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

तुमच्याही गावात असा एखादा दुकानदार असेल, जो वस्तू विकण्याऐवजी चौकशाच जास्त करतो. हे तसलेच. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि भर दुपारी अनवाणी पायांनी त्यात पाणी ओतणारी घरातली बाई. दर उन्हाळ्यात आजूबाजूच्या कुठल्या ना कुठल्या गावातून कूलरला चिकटून कोणी गेल्याची बातमी येते. अशी बातमी आली की दोन दिवस ईएलसीबीला गिऱ्हाईक असतं. ईएलसीबी म्हणजे करंट भलतीकडे गळू लागला की घराची लाइन तोडणारा ब्रेकर; त्यावर तीस, शंभर, तीनशे असे मिलिअँपिअरचे आकडे असतात. तो मागायला आलेल्या माणसाला आमचे शेजारी कंपनी विचारत नसत, किंमत सांगत नसत. पहिला प्रश्न ठरलेला.

"घरी कोन कोन राह्यते?"

माणूस चक्रावायचा. ब्रेकर घ्यायला आलो की सोयरीक जुळवायला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. मग तो आपलं मागणं रेटायचा. आणि इथे आमच्या भागातली एक ठाम समजूत आडवी यायची: आकडा जितका मोठा, तितका माल मजबूत. मोटार घेताना ते खरं असतं, म्हणून ब्रेकरलाही तेच लावायचं.

"तीनशेचा द्या. मोठावाला."

"हा आकडा ताकदीचा नाई," ते सांगत. "करंट किती गळेपर्यंत गप बसायचं, त्याचा हाये. तीसवाला जरासा करंट मानसातून जाऊन राह्यला का लाइन तोडते. तीनशेवाला तोवर पाहात राह्यते."

"म्हणजे तीसवाला नाजूक."

"नाजूक नाई. जागा हाये."

"पन पावसात सारखा पडते ना तो, लाइन जाते."

"पडते म्हनूनच तर देऊन राह्यलो तुमाले."

एवढ्यावर अर्धी गिऱ्हाइकं उठून पलीकडच्या दुकानात जात. तिथे जो आकडा मागाल तो मिळे. "देऊन टाकायचा की," मी म्हणायचो, "घेणारा शहाणा आहे." त्यावर ते माझ्या काउंटरकडे बोट दाखवत. "तुमी मोठ्या मानसाची गोळी लेकराले देता का? त्याच्या बापानं मागितली तरी?" माझ्या दुकानात डोस विचारून घेतात, त्यांच्या दुकानात डोस सांगितला की पळतात, एवढाच फरक.

पण ते हट्टी असले तरी एकाच आकड्याचे भक्त नव्हते. अर्जुनीचा एक राइस मिलवाला सेठ आला. कोणीतरी त्याच्या मनात भरवलं होतं. "भाईसाब, पूरे मिल में तीसवालाही लगा दो." यांनी चक्क नाही म्हटलं. मिलमध्ये जुन्या मोठ्या मोटारी, प्रत्येकीतून थोडं थोडं गळतच असतं; सगळ्यांचं मिळून तीस कधीच ओलांडलं जाईल आणि मिल दिवसभर बंद-चालू होत राहील. मुख्य लाइनला त्यांनी तीनशेचा लावला, तो आग लागू नये म्हणून. हमाल जिथे कूलर लावत, हातातली मशीन लावत, त्या बोर्डाला मात्र वेगळा तीसचा. "मशीनले तीनशे चालते, सेठ. मानसाले नाई चालत."

असं सगळं नेमकं करणारा माणूस एकदा सपशेल चुकला. बांधावरच्या मासळी डेपोला त्यांनी एकच तीसचा ब्रेकर बसवला, सगळ्या लाइनला मिळून. फरशी धुवायचा पंप गळायला लागला, ब्रेकर पडला, आणि त्याच्यासोबत मासळीचा मोठा फ्रीझरही बंद. सुट्टीचा दिवस, डेपोला कुलूप. दुसऱ्या दिवशी वास बाजारापर्यंत आला. डेपोचा मुखिया दुकानासमोर उभा राहून सगळ्यांदेखत बोलला, "मानसं वाचवता वाचवता आमाले मारलं तुमी." यांनी मान खाली घातली. "चुकलंच माह्यं," म्हणाले, आणि दुकान बंद करून डेपोत गेले. पंपाला आणि दिव्यांना वेगळा तीसचा, फ्रीझरची लाइन वेगळी, असं सगळं पुन्हा बांधून दिलं. परत आले तेव्हा अंगाला मासळीचा वास येत होता. मुखिया पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता.

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र तीसच. घर जुनं, स्वयंपाकघराची भिंत पावसाळ्यात ओल धरायची. ऐन फोडणीच्या वेळी लाइन जायची, की वहिनींचा आवाज माझ्या घरापर्यंत यायचा. मग हे घरातला एकेक प्लग काढत, गळती कुठे आहे ते शोधत फिरायचे. कधी मिक्सर निघायचा, कधी धानाच्या कोठीमागे उंदराने कुरतडलेली वायर.

"शंभरचा लावून टाका ना एकडाव," वहिनी म्हणायच्या. "गावाले उजेड अन् माह्या घरी अंधार."

"घरी तू राह्यतं ना," ते प्लग काढता काढता म्हणायचे.

एवढंच. पण मी पाहिलंय, त्यानंतर वहिनी बॅटरी घेऊन त्यांच्यामागे उजेड धरायच्या.

मागच्या मे महिन्यात, सकाळी अंगणात तोंड धुताना ते खाली बसले आणि उठलेच नाहीत. मी दवाखान्यात न्यायला धावलो, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलगा हैदराबादला नोकरीला. त्याला यायला संध्याकाळ होणार होती, आणि त्या उन्हात देह संध्याकाळपर्यंत ठेवणं कठीण. वहिनी एकच म्हणत होत्या, "पोराले बापाचं तोंड दिसलं पाह्यजे."

अर्जुनीहून काचेची थंड पेटी आणली. त्यांना आत ठेवलं, प्लग लावला आणि घराची लाइन गेली. पुन्हा चढवली, पुन्हा गेली. त्यांच्या हाताखाली तयार झालेला वायरमन तिथेच होता. त्याने पेटीला उलटा हात लावून पाहिला, तपासलं, आणि सांगितलं की पेटीच गळते आहे. दुसरी पेटी कुठे मोकळी नव्हती. दुपार चढत होती.

"ब्रेकर काढून डायरेक्ट करा," त्यांचे एक नातेवाईक म्हणाले. "संध्याकाळपर्यंतचाच तर प्रश्न हाये."

आता सांगायला लाज नाही, मलाही ते पटलं होतं. वायरमन पेचकस हातात घेऊन वहिनींकडे पाहत उभा राहिला. भिंतीला टेकून बसलेल्या वहिनी उठल्या.

"घरी कोन कोन हाये?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. त्यांची नणंद पेटीला मिठी मारून रडत होती. तिची नातवंडं काचेला नाक लावून आजोबांना पाहत होती. पेटीतलं आधीचं पाणी गळून खाली साचलं होतं आणि बायका त्यातच अनवाणी उभ्या होत्या.

"समदं गाव हाये घरी," वहिनी म्हणाल्या. "ब्रेकरले हात लावू नका. पेटी काढा."

"वहिनी, मग पोरगा येईपर्यंत..." मी म्हणालो.

"समजते मले, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि नणंदेला पेटीपासून उठवू लागल्या.

त्यांना चादरीवर घेऊन पेटी बाहेर काढली. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण अर्ध्या तासात मासळी डेपोची गाडी दारात आली. मुखिया स्वतः खाली उतरला. कोंड्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या त्याने आणि त्याच्या माणसांनी खांद्यावरून आत आणल्या, देहाच्या चारी बाजूंनी रचल्या, वर ओली पोती टाकली. दुपारभर तो येत राहिला, वितळलेली लादी काढून नवी ठेवत राहिला. एकदा मी त्याला पाणी दिलं तर म्हणाला, "आमच्या फ्रीझरची लाइन तेव्हापासून गेली नाई, भाऊ." आणि तोंड पुसून पुन्हा कामाला लागला.

मुलगा ऊन उतरल्यावर आला. तोवर लाद्या वीतभर उरल्या होत्या, चादरीला धानाचा कोंडा चिकटला होता, पण चेहरा तसाच होता, जणू आता कोणाला तरी विचारतील, घरी कोन कोन राह्यते. मुलगा बाजूला बसला. रडला नाही. त्याने तळहात आत वळवला आणि बोटांची मागची बाजू बापाच्या कपाळाला हलकेच टेकवली, लहानपणापासून पाहिलं होतं तशी.

वहिनींनी त्याचं मनगट धरलं.

"सुलटा लाव, बाबू," त्या म्हणाल्या. "आता काही नाई होत."

त्याने हात सुलटा केला आणि बापाच्या कपाळावर तसाच ठेवला.