तात्यांचा कोरा सूर्य

आमचे सिग्नलतात्या सूर्याकडे कधी बघत नसत. त्यालाच घरात बोलवत. वडूजच्या शाळेत मराठी शिकवायला गेलो तेव्हा मी त्यांच्याकडेच खोली घेतली होती. फौजेत वायरलेसवर नोकरी करून आलेला हा माणूस रोज सकाळी दारं-खिडक्या लावी, झरोक्यात दुर्बीण बसवी आणि भिंतीवरच्या कागदावर पडलेल्या वाटीएवढ्या सूर्याचे काळे डाग पेन्सिलीने टिपून घेई. "डाग लय झालं की आमचा वायरलेस कोकलायचा, मास्तर. तवापास्नं लक्ष ठिवून हाय मी."

वर्षागणिक ते डाग सूर्याच्या विषुववृत्ताकडे सरकत आले आणि विरळ होत गेले. शहात्तर साली तर आठवडेच्या आठवडे कागद कोरा. तात्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यांच्या घरच्या काकू तांदूळ निवडायला बसल्या की हे समोर बसून खडे वेचत आणि एकेक खडा त्यांना दाखवून खात्री करून घेत. "डाग गेलं का माझं डोळं गेलं, ह्येच कळंना," म्हणत.

एके सकाळी मला हाताला धरून आत नेलं. "बघा, हाय का कुठं?" काहीच नव्हतं. पण ते कागदाऐवजी माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना डाग हवा आहे, एवढंच मला समजलं. मी कडेला उगाच बोट ठेवलं. "हा काय, बारीकसा." त्यांनी तिथे ठिपका काढला आणि दुर्बीण कापडात गुंडाळली. "तुमास्नी दिसतंय, मला न्हाई. संपलं."

माझी चूक कळली, तरी खरं बोलायची हिंमत होईना. असला भित्रा मी.

दुर्बीण आणि कागद सांगलीच्या एका कॉलेजला देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं. एसटीत मी सारा वेळ नुसता घसा खाकरत होतो. तिथले प्राध्यापक मात्र कागद चाळताना खुलले. "कोरेच असायला हवेत! सूर्यावरच्या चुंबकीय उलाढाली साधारण अकरा वर्षांत उसळतात आणि मंदावतात. आता नवे डाग येतील ते विषुववृत्तापासून लांब." मग छापील यादीशी ताडून बघताना त्यांचं बोट थांबलं. "वेधशाळेच्या यादीत या दिवशी एकही डाग नाही. हा कुठला?"

तात्या माझ्याकडे वळले. मी सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे माझं डोळं..."

"चांगले आहेत, तात्या. मी खोटं बोललो."

त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. प्राध्यापक रबर शोधू लागले तसा तात्यांनी हात आडवा घातला. "खोडायचं न्हाई, सायेब. फौजेत नोंद चुकली की रेघ मारायची, आन् ज्यानं चूक केली त्यानं खाली सही करायची."

पेन्सिल माझ्यापुढे आली. "करा, मास्तर."

रोज पोरांच्या चुका काढणाऱ्या मला त्या दिवशी स्वतःचं नाव धड लिहिता येईना.