हद्द रेल्वेलाइनवर

आमच्या बल्लारपुरात मंडप घालणारा एक माणूस आहे. निवडणुकीत सगळ्याच पक्षांचे भोंगे तो लावतो. भाषण रंगात आलं, की नेत्याच्या पाठीमागून हळूच म्हणतो, "अबे, नळाचं बोल ना!" मंडपाची दोरी दातांत धरूनही त्याचं बोलणं चालूच असतं.

तो रेल्वेलाइनच्या पलीकडच्या वस्तीत राहतो, मी अलीकडच्या कॉलनीत. प्रभाग एकच. मतं आमची जास्त, म्हणून दोन्ही नगरसेवक नेहमी आमच्यातलेच. यंदा नव्या प्रभागरचनेवर हरकती मागवल्या, तेव्हा त्याने मागणी केली, की हद्द रेल्वेलाइनवर आखा आणि आमची वस्ती शेजारच्या वस्तीला जोडा.

सुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. "थोडक्यात सांगा," अधिकारी म्हणाले. तो सरळ लोकांकडे वळला.

"मतं मागाले नाई, नुसतं हालहवाल पुसाले नगरसेवक ज्याच्या दारी आला असन, त्यानं हात वर करा!"

आम्ही कॉलनीवाल्यांनी मोठ्या अभिमानाने हात वर केले. पलीकडच्यांतला एकही हात हलला नाही. हशा पिकला आणि मी शरमेने हात खाली घेतला.

"कॉलनीची काही हरकत?" अधिकाऱ्यांनी विचारलं. शेजाऱ्याने मला कोपर मारलं. विरोध मीच करायचा, असं आमचं ठरलं होतं. मी उठलो.

"हद्द लाइनवरच आखा, साहेब."

"जोरात बोला, भाऊ!" तो ओरडला. "मांगपर्यंत आवाज जाऊन नाई राह्यला!"

मी पुन्हा बोललो, पार शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.